सळईचा भाव आणि वरचा मजला

जालन्यात सळईचा भाव कळायला पेपर लागत नाही. एमआयडीसीत भंगार वितळवून सळई ओढणारे कारखाने आहेत. चहाच्या टपरीवर चार माणसं उभी असली तर त्यातलं एक तरी मिलवर, भट्टीवर नाहीतर मालाच्या ट्रकवर कामाला असतं. २०२२ च्या मार्च-एप्रिलात त्या टपऱ्यांवर दुसरा विषयच नव्हता. फेब्रुवारीच्या अखेरीस युक्रेनचं युद्ध सुरू झालं, कोळसा महागला, भंगार महागलं आणि पंचावन्न-साठ रुपये किलोची सळई बघता बघता पंच्याहत्तरच्या पुढं गेली. सकाळी सांगितलेला भाव दुपारी कुणी मानत नव्हतं. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटायचं, तुमच्या गावातच बनते म्हणजे तुम्हाला स्वस्त पडत असेल. पडते, वाहतुकीपुरती. बाकी भाव जगाचा.

नेमकं तेव्हाच आमच्या घरात बांधकामाचं चाललं होतं.

प्लॉट तीस बाय चाळीसचा, एन.ए. (बिगरशेती) झालेल्या ले-आउटमधला, करोनाच्या आधी घेतलेला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक. बायको एका पतसंस्थेत हिशेबाला. भाड्याच्या दोन खोल्यांचे महिना सात हजार जात होते आणि मुलगी आता अभ्यासाला वेगळी जागा मागायला लागली होती. जवळ नऊ लाखांची पुंजी होती. त्यात जीपीएफमधून, म्हणजे भविष्य निर्वाह निधीतून, काढता येतील तेवढे धरलेले.

डोक्यातलं घर दोन मजली होतं. खरं सांगायचं तर ते कुणी ठरवलेलं नव्हतं. आमच्या कॉलनीत जो बांधतो तो दोन मजलीच बांधतो, म्हणून तेच डोक्यात बसलेलं. वर दोन खोल्या, पुढं गॅलरी, आणि गॅलरीला ते स्टीलचं रेलिंग.

आबांचं म्हणणं थांबायचं. आबा गावाकडं असतात, घनसावंगी तालुक्यात. थोडी मोसंबी, बाकी कापूस. त्या वर्षी कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. आबांनी दिवाळीला न विकता घरात ठेवला होता, तो फेब्रुवारीत काढला आणि त्यातले दोन लाख मला घरासाठी देतो म्हणाले. पण देताना अटच घातली. "बापू, चढलेल्या भावात घ्यायचं नसतं. चढलेल्या भावात विकायचं असतं. सळई काय आभाळात राहणारे का? पावसाळा जाऊ दे."

शाळेतल्या सहकाऱ्यांचं उलटं. एकाने २०२० मध्ये करोना उतरू दे म्हणून बांधकाम पुढं ढकललं होतं, तो रोज मधल्या सुट्टीत मला स्वतःचं उदाहरण द्यायचा. "सर, थांबला तो संपला. आज पंच्याहत्तर आहे, दिवाळीला शंभर होईल." आणि आमच्या समोर राहणारे निवृत्त काका म्हणायचे, बांधूच नका, तयार रो-हाऊस घ्या. रो-हाऊसवाल्यांनीही भाव वाढवलेले होते, पण काकांना ते कळवण्यात अर्थ नव्हता.

या सगळ्यांचं ऐकून मी इंजिनिअरकडे गेलो, आणि गेल्या गेल्या विचारलं, सर, सळई उतरेल का?

इंजिनिअर माझ्याच वयाचा, बोलायला कमी. तो म्हणाला, "ते मला माहीत असतं तर मी नकाशे काढत बसलो असतो का? तुमच्या घराला सळई किती लागते ते सांगू शकतो." आणि त्याने एका कागदावर मांडायला सुरुवात केली.

हा कागद मी जपून ठेवलाय. साध्या दोन मजली घराला फुटाला, म्हणजे चौरस फुटाला, साधारण चार किलो सळई धरायची. सिमेंट फुटाला अर्ध्या गोणीच्या जरा खाली, म्हणजे ०.४२ च्या आसपास. मोकळी जागा सोडून आमचा तळमजला बसत होता पावणेआठशे फुटांचा. दोन मजले, जिना, जिन्यावरची टोपी, सगळं मिळून साडेसोळाशे फूट. म्हणजे सळई सहा-साडेसहा टन, सिमेंट सातशे गोण्या. सळई किलोमागे वीस रुपयांनी चढली होती, त्याचे झाले एक लाख तीस हजार. सिमेंट गोणीमागे पन्नासने चढलं असं धरलं तर पस्तीस हजार. बेरीज पावणेदोन लाखांच्या आत.

त्या वेळी जालन्यात बरं काम करून देणारे सगळ्या मालासकट सोळाशे रुपये फूट सांगत होते. साडेसोळाशे फुटांचे सव्वीस लाख चाळीस हजार. म्हणजे ज्या भाववाढीनं सगळ्या गावाची झोप उडवली होती, ती माझ्या घराच्या सहा-सात टक्के होती.

मी बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत होतो. मग विचारलं, "मग एवढं महाग कशानं होतंय?"

"साडेसोळाशे फुटांनी," तो म्हणाला.

थांबलो तर काय, तेही त्याच कागदावर पालथ्या बाजूला मांडलं. वर्षभर थांबलो तर भाडं चौऱ्याऐंशी हजार. मजुरीचा दर तेव्हा फुटाला दोनशे सत्तर होता, तो वर्षात दहा टक्के वाढला तर पंचेचाळीस हजार. म्हणजे सळई-सिमेंट अगदी पहिल्या जागी येऊन बसलं तरी हातात राहणार पस्तीस-छत्तीस हजार. आणि नाही आलं तर उलटं. "सळई चढते, उतरते," तो म्हणाला. "मजुरी उतरलेली मी अजून बघितली नाही."

घरी येऊन कागद बायकोपुढं ठेवला. तिने तो माझ्यासारखा भारावून वगैरे वाचला नाही. हिशेबातली माणसं आकड्यावर भाळत नाहीत. तिने दोनच गोष्टी विचारल्या. एक, यात संप (जमिनीतली पाण्याची टाकी), बोअर, कंपाऊंड, गेट, मीटर, खिडक्यांच्या जाळ्या, ओट्याखालच्या ट्रॉल्या आहेत का? नव्हत्या. ते सगळं फुटाच्या दराच्या बाहेरचं. तीन लाख तरी धरा, असं इंजिनिअर नंतर म्हणाला. आणि दुसरं, "अहो, वरच्या मजल्यावर राहणार कोण?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. भाड्याने देऊ म्हणालो. आमच्या भागात तशा दोन खोल्यांना सहा हजार येत होते. वर्षाचे बहात्तर हजार. वरच्या मजल्याला लागणार बारा लाखांच्या वर. सहा टक्के सुटत होते, आणि ते बारा लाख मी काढणार होतो पावणेसात-सात टक्क्यांनी. वर भाडेकरूचं पाणी, वेगळं मीटर आणि दोन वर्षांनी रंग. जालन्यात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे ज्याला माहीत आहे, त्याला वरच्या भाडेकरूच्या पाण्याचा अर्थ सांगायला नको.

आबांना फोनवर सांगितलं, एकच मजला बांधायचं चाललंय. ते नाराज झाले. त्यांना भाव उतरेपर्यंत थांबणं मान्य होतं, पण घर लहान करणं मान्य नव्हतं. गावातलं आमचं जुनं घर माळवदाचं, पाच खणांचं. "शहरात जाऊन खण कमी केले" हे त्यांना चार लोकांत सांगायला जड जात होतं. मुलगा मोठा झाल्यावर काय, लग्नानंतर काय, असं बरंच. मुलगा तेव्हा पाचवीत होता.

ठेकेदाराची बाजू मात्र ऐकण्यासारखी होती. त्याचं म्हणणं, पाया तर तोच लागणार. खड्डे तेवढेच, कॉलम तेवढेच. मग वरचा मजला स्वस्तातच पडतो की, नंतर बांधाल तर सेंट्रिंग (स्लॅबखालचा साचा) पुन्हा आणा, माल पुन्हा वर चढवा, खालच्या घरात धूळ. हे खोटं नाही. फक्त किती खरं, ते जमिनीत बघावं लागतं.

तर तो खड्डा.

मराठवाड्यात बांधायचं म्हणजे काळ्या मातीशी गाठ. उन्हाळ्यात आमचा प्लॉट बघण्यासारखा होता. जमिनीला अशा भेगा पडलेल्या की मुलाने घरून आणलेली फुटपट्टी एका भेगेत उभी घातली आणि ती पार दिसेनाशी झाली. मग आम्ही दोघं काडीने ती वर काढत बसलो. हीच माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते. एक फूट-दीड फूट खणून तिच्यावर पाया टाकला की भिंतींना तिरप्या तडा ठरलेल्या. आमच्या कॉलनीत अशी घरं आहेत. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यापासून वर निघालेली तड दर दिवाळीला पुट्टीने बुजवतात, आणि आषाढात ती परत डोकं काढते.

इंजिनिअरने नकाशावर सही करण्याआधी प्लॉटच्या कोपऱ्यात एक चाचणीचा खड्डा खणायला लावला. दोन मजूर सकाळी लागले. पहिले पाच फूट नुसती काळी, ढेकूळ फोडावं तर आत अजून ओलसर. मग चुनखडीचे पांढरे खडे असलेली पिवळी चिकण माती. सात फुटांच्या जरा खाली टिकाव खणकन वाजला आणि मुरूम लागला. इंजिनिअर स्वतः शिडीवरून खाली उतरला, मुरमाचा एक तुकडा हातात घेऊन दाबून बघितला, बाटलीतलं पाणी टाकून बघितला. मुरूम विरघळला नाही. "इथं बसवू," म्हणाला.

हे सात फूट कुणाच्याही फुटाच्या दरात नव्हते. ठेकेदारांचे दर चार-साडेचार फुटांच्या पायाचे असतात, आणि ते कुठं लिहिलेलं नसतं. जास्तीचं खोदकाम, कॉलमची जास्तीची लांबी, जोत्याखालची काळी माती काढून टाकून त्या जागी मुरमाचा भराव, पाणी मारून धुम्मस, असं सगळं मिळून दोन लाखांचा वेगळा आकडा आला. म्हणजे सळईच्या भाववाढीपेक्षा जास्त, आणि त्याबद्दल टपरीवर कुणी अवाक्षर काढलेलं नव्हतं.

ठेकेदाराच्या म्हणण्याचाही इथंच निकाल लागला. पाया महाग आहे आणि तो एकदाच होणार आहे, तर तो दोन मजल्यांचा भार धरून करायचा. त्याला सळई थोडी जास्त, तीस-पस्तीस हजारांचा फरक. बांधायचा मात्र एकच मजला. वरचं ज्याला लागेल, जेव्हा लागेल, तो बघेल.

मे महिन्यात दोन बातम्या आल्या. एकीने गाव हललं, दुसरीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

४ मे २०२२ ला रिझर्व्ह बँकेने ठरलेली बैठक नसताना रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४.०० वरून ४.४० टक्के केला. आणि २१ मेला केंद्राने पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे बाजार बसला. माल घ्यायला आलेले ट्रक उभेच राहिले, कारण घेणारे म्हणायला लागले की माल आज भरा, भाव पुढच्या सोमवारचा लावा. पाच रुपये, मग आठ रुपये, मग दहा. जूनमध्ये आबांचा फोन, "सांगितलं होतं का नाही?" सांगितलं होतं हे खरंच. ते बरोबर ठरले.

पण बायको पतसंस्थेतली. ती म्हणाली, सळईचं आबांनी सांगितलं, आता व्याजाचं मी सांगते. दोन मजले बांधायचे तर नऊ लाख आपले, दोन आबांचे, आणि वीस-एकवीस लाखांचं कर्ज. वीस लाख, वीस वर्षं, ६.९० टक्के, हप्ता पंधरा हजार तीनशे शहाऐंशी. हेच व्याज दोन टक्क्यांनी चढलं तर सतरा हजार आठशे सहासष्ट. महिन्याला अडीच हजारांचा फरक. वीस वर्षं धरली तर सहा लाखांच्या घरात. सळई दहा रुपयांनी उतरून सहासष्ट हजार वाचले त्याचा आनंद करायचा, की याची काळजी करायची?

२०१९ च्या ऑक्टोबरपासून बँकांची नवी गृहकर्जं बाहेरच्या दराला बांधलेली असतात, बहुतेकांची रेपोलाच. रेपो हलला की थोड्या दिवसांत आपलं व्याज हलतं. हे बँकेतल्या माणसाने आम्हाला नीट सांगितलं, त्याचे आभार. त्याने हेही सांगितलं की व्याज चढलं तर बँक बहुतेक वेळा हप्ता तोच ठेवते आणि वर्षं वाढवते, त्यामुळे घेणाऱ्याला टोचत नाही. न टोचणारी गोष्ट बायकोला आवडत नाही. ८ जूनला रेपो ४.९० झाला तेव्हा तिने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "किती म्हणाले?" आणि मी सांगितल्यावर, "मग दहा लाखांच्या वर कर्ज नाही," एवढंच बोलली. आमच्याकडे एक मजल्याचा ठराव असा मंजूर झाला.

(पुढं फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो ६.५० वर गेला. आमच्या अंदाजाच्या दोन टक्क्यांपेक्षाही जास्त. मोठं कर्ज घेतलेल्या ओळखीच्या एकाचा हप्ता नुसत्या व्याजालाच पुरेना, मुद्दल जागचं हलेना. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की व्याज बदललं तर हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. तोवर त्याची मुदत निवृत्तीच्या पलीकडे गेलेली.)

आता करार. चढत्या बाजारात कुठलाच ठेकेदार मालासकटचा दर सहा महिने धरून ठेवत नाही, आणि त्याचं काही चुकतं असंही नाही. एकाने कच्चा करार पाठवला, त्यात ओळ होती: सळई सत्तरच्या वर गेल्यास फरक मालकाने द्यावा. मी विचारलं, साठच्या खाली गेली तर? तो हसला. "गुरुजी, तसं कुणी लिहीत नाही." मी म्हटलं, आपण लिहू. त्याने लिहिलं नाही, म्हणून मग मजुरी त्याच्याऐवजी दुसऱ्या मिस्त्रीला दिली आणि माल स्वतः आणायचं ठरवलं. यात पैसे वाचतात असं लोक सांगतात. थोडे वाचतात. पण सकाळी साडेसहाला वाळूचा हायवा दारात येऊन उभा राहतो आणि त्यातली वाळू आहे की माती मिसळलेली वाळू, हे तुम्हाला शाळेत जायच्या आधी ठरवावं लागतं. मिस्त्रीने मला एक करायला शिकवलं: मूठभर वाळू काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळायची आणि ठेवून द्यायची. वर मातीचा थर किती बसतो ते बघायचं. आमच्या घरात चहाचे दोन ग्लास कायमचे या कामाला गेले.

गोदावरीच्या वाळूचं आमच्या जिल्ह्यात वेगळंच पुराण आहे. घाटांचे लिलाव झाले की नाही, तहसीलदारांनी काल रात्री किती गाड्या धरल्या, यावर दुसऱ्या दिवशीचा भाव. त्या हंगामात ब्रासला (शंभर घनफुटांना) सात-आठ हजार सांगत होते, तेही पावती मागू नका या बोलीवर. आम्ही स्लॅब आणि कॉलमला धुतलेली क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वापरली, आणि नदीची वाळू फक्त प्लॅस्टरपुरती, पावतीची. क्रशरवर पावती मिळते, वजन मिळतं, भाव महिनाभर टिकतो. जुने मिस्त्री तिला नाकं मुरडतात. इंजिनिअरने काँक्रीटचे क्यूब (ठोकळे) भरून तपासणीला पाठवले आणि तो वाद मिटवला.

मग बांधायचं कधी? सळई उतरत होती, म्हणजे जूनमध्येच लगेच सुरू करावं असं मलाही वाटायला लागलं होतं. इंजिनिअर म्हणाला, काळ्या मातीत सात फुटांचे खड्डे पावसाळ्यात खणायचे नाहीत. कडा ढासळतात, खड्ड्यात पाणी साचतं, मुरूम मऊ पडतो आणि माणूस आत असताना कड सुटली तर विचारायची सोय नाही. दसऱ्यानंतर बघू. आबांना हवं होतं तसंच झालं, थांबलो. फक्त भावासाठी नाही.

मधल्या काळात कागदपत्रं केली. प्लॉट १११ चौरस मीटरचा. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला २०२० च्या शेवटी आलेल्या नव्या नियमावलीत बरीच सोपी पद्धत आहे, इंजिनिअरच्या सहीचा नकाशा आणि शुल्क भरल्याची पावती. सोपी पद्धत असली तरी खिडक्या त्याच असतात आणि खिडकीपलीकडची माणसंही तीच. ते रडगाणं इथं नको.

याच काळात बायकोने घर आणखी लहान केलं. म्हणजे फुटांनी नाही. पीओपीची छतं गेली. मोठ्या चकचकीत फरश्यांच्या जागी दोन बाय दोनच्या आल्या. ट्रॉल्यांऐवजी ओट्याखाली कडाप्प्याचे कप्पे, नंतर पैसे आले की ट्रॉल्या. पुढचं एलिव्हेशन, ज्यावर हल्ली लोक लाखभर रुपये सहज घालतात, त्यावर मी थोडी झुंज दिली. हरलो. दोन गोष्टींवर मात्र तिने एक रुपया कमी करू दिला नाही, वायरिंग आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग. "हे नंतर बदलायला भिंत फोडावी लागते," हे तिचं कारण. विटांसाठी मी परळीच्या राखेच्या विटा बघून आलो होतो, कारण लाल विटा त्या वर्षी महाग होत्या. शेवटी बाहेरच्या भिंतींना लाल आणि आतल्यांना राखेच्या.

दसरा ५ ऑक्टोबरला होता. पूजा झाली, कुदळ मारली, पण परतीचा पाऊस काही परतेना. खरं खोदकाम दिवाळीनंतर सुरू झालं. सळई तेव्हा साठच्या आसपास आली होती. मला एकदम सगळी चार टन घेऊन टाकायची होती, न जाणो परत चढली तर. मिस्त्री म्हणाला, ठेवणार कुठं? उघड्यावर गंजते, रात्री जाते. पायाची आधी घेतली, स्लॅबची स्लॅबच्या वेळी. दुसऱ्या वेळी किलोला दोनेक रुपये जास्त गेले. मी कुरकुर केली तेव्हा मिस्त्रीने सळईच्या गठ्ठ्यावर बसून मला विचारलं, "गुरुजी, दोन रुपयांनी किती झाले?" दीड टनाला तीन हजार झाले होते. त्याच आठवड्यात क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, पाण्याचे टँकर लागले, त्याचं बिल त्याच्या दुप्पट होतं, आणि त्याबद्दल मी काहीच बोललो नव्हतो.

स्लॅबवर कॉलमच्या सळया तीन-तीन फूट वर सोडायच्या, असा आपल्याकडे सार्वत्रिक रिवाज आहे. अर्ध्या महाराष्ट्राच्या गच्च्यांवर त्या गंजत उभ्या आहेत, कुणाकुणाच्या तर वीस वर्षांपासून. इंजिनिअरने त्या सोडू दिल्या, पण उघड्या नाही. सिमेंटचं पाणी फासून त्यांच्याभोवती कच्च्या काँक्रीटचे बुटके खांब भरले, जे पुढं फोडून काढता येतील. गच्चीवर वाळवणं घालायला बायकोला त्यांचा दोरी बांधायला उपयोग होतो.

सगळं मिळून वीस लाखांच्या थोडं आत झालं. साडेनऊ लाखांचं कर्ज. त्यात खोल पाया, कंपाऊंड, संप सगळं आलं. बोअरला पाणी लागलं नाही, ते पैसे गेले. आबा वास्तुशांतीला आले, गच्चीवर जाऊन त्या खांबांवर हात ठेवून बघितला आणि म्हणाले, "जागा तर सोडलीये." त्या वर्षी त्यांनी कापूस परत घरात ठेवला होता, दहा हजारांची वाट बघत. तो सात-साडेसात हजारांनी गेला. मी त्यावर काही बोललो नाही, बायकोही बोलली नाही. आमच्या घराचे दोन लाख आदल्या वर्षीच्या त्याच वाट बघण्यातून आले होते.

आता हे सगळं आठवायचं कारण, आमच्या शाळेतला एक तरुण सहकारी बांधायला निघालाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि रेपोही त्या वर्षात ६.५० वरून खाली आलाय. त्यामुळे त्याला वाटतं की आता वेळ आली. मला मधल्या सुट्टीत विचारत होता, सर, सिमेंटचं किती वाचेल? मी त्याच्यासमोरच मांडलं. ३८० ची गोणी करातल्या फरकाने साडेतीनशेला पडायला हवी, दुकानदाराने तो फरक खाली दिला तर. गोणीमागे तीस. त्याचं घर सोळाशे फुटांचं, दोन मजली. पावणेसातशे गोण्या, वीस हजार रुपये.

"बस्स वीस?" तो म्हणाला.

मग मी त्याला विचारलं, चाचणीचा खड्डा खणला का? नाही म्हणाला, ठेकेदाराने गरज नाही सांगितलं. त्याचा प्लॉट कुंडलिकेच्या बाजूला आहे. आमच्या इंजिनिअरला फोन लावून दिला, तो म्हणाला तिकडे काळी माती आमच्यापेक्षा खोल निघण्याची शक्यता जास्त. येत्या रविवारी खणायचं ठरलंय. दोन मजुरांची हजेरी त्याची, चहा माझा.